बोनेटखालचा रंग

आमच्या घरमालकांची गाडी बाहेरून पाहून भंगारवाल्यानंही तोंड फिरवलं असतं. दारांना गंज, टपावर पोपडे आणि मागच्या एका दिव्याच्या जागी पत्र्याचं झाकण. पण बोनेट उचललं की आतले चार नळ दसऱ्याला घासून ठेवलेल्या चांदीच्या भांड्यांसारखे चकाकत. इंजिनातला तापलेला धूर बाहेर काढणारे हे नळ. मेकॅनिक लोक त्यांना काही इंग्रजी नाव देत, आमचे घरमालक, म्हणजे काकाजी, 'चार भाऊ' म्हणत. चौघे इंजिनाच्या चार भोकांतून निघायचे आणि खाली वळून एका मोठ्या नळात मिळायचे.

"चार भाऊ एका नळात नांदून राहिले पाहा," काकाजी येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून दाखवत. "तुमच्या घरी दोन नांदत नाई."

ज्याच्या घरचे दोन भाऊ खरोखर कोर्टात भांडत असत, त्यालाही ते हे ऐकवत. त्यामुळे गल्लीतली बरीच मंडळी त्यांच्या गाडीजवळून जाताना पाय उचलून चालत.

त्यांची आठवण आली की मला आधी हसू येतं आणि त्याच्या मागोमाग लाज येते. हसू लवकर सरतं.

गांधीबागेच्या मागच्या एका गल्लीत त्यांचं घर होतं. पुढच्या दोन खोल्या आणि ओसरी आमच्याकडे भाड्यानं, मागची एक खोली आणि अंगण त्यांच्याकडे. माझे आजोबा विणकर. त्यांच्याबरोबर घरातला मागही गेला आणि बाबा कापडाच्या एका ठोक दुकानात गुमास्ते झाले. काकाजी खापरखेड्याच्या वीजघरात बॉयलरवर होते. जन्मभर आगीसमोर उभा राहिलेला माणूस निवृत्त झाल्यावर जरा गारव्याला बसेल, असं कोणालाही वाटेल. यांनी उलट केलं. कन्हानच्या खाणीवरचा कोणी मॅनेजर आपल्या देशी परत चालला होता, त्याची जुनी गाडी घेतली आणि उरलेला जन्म तिच्या पोटात हात घालून काढला. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. जवळचं म्हणावं असं कोणी नव्हतं.

गाडीत बसायचं तर चपला बाहेर काढाव्या लागत. हॉर्न होता, पण ते वाजवत नसत. "कोणाले हाकलून काहून लावू? जाईन तो त्याच्या पायानं." मग गाडी बैलाच्या मागे मुकाट चाले आणि बैल कंटाळून बाजूला होई. ही गाडी त्यांनी कधी कोणाला दिली नाही. एकदा वॉर्डातले पुढारी मिरवणुकीसाठी मागायला आले, तर काकाजींनी त्यांना चहा पाजला, चारही भाऊ दाखवले आणि पायी परत पाठवलं. बाबा यावरून त्यांची चेष्टा करत. "काकाजी, मेल्यावर संगं नेजा गाडी," म्हणत. काकाजींनाही ते आवडे. दोघांची संध्याकाळ ओसरीवर एकाच चुन्याच्या डबीवर जायची.

रंग द्यायचा त्यांचा मुहूर्त ठरलेला होता, नवतप्यात. मे संपतासंपता नागपुरात ते नऊ दिवस येतात तेव्हा कावळासुद्धा सावली सोडत नाही. सगळी गल्ली वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारत आत पडलेली असे आणि काकाजी खाकी हाफपँट, बनियन, डोक्याला ओला दुपट्टा अशा थाटात अंगणात. गाडीतून नळ सोडवून काढायचे. तारेच्या ब्रशनं आणि पॉलिशपेपरनं जुना रंग नि गंज खरवडून खालचं लोखंड उघडं करायचं. मग पेट्रोलच्या चिंधीनं पुसायचं, आणि पुसल्यावर त्याला बोट लागता कामा नये.

"बोटाले तेल असते वं. तुह्याच नाई, समद्याइच्या असते. तेलावर बसला तो रंग पाहुणा. घरचा होत नाई तो."

नळ निंबाच्या फांदीला तारेनं टांगले जात. डास मारायच्या फवाऱ्याच्या पंपात पातळ केलेला रंग भरून ते फुसफुस मारत सुटत, एक पातळ हात, वाळला की दुसरा, वाळला की तिसरा. रंगही साधा नव्हे. भट्ट्यांना, चिमण्यांना लावतात तो, आगीत टिकणारा चांदीचा. तो मिळवण्यासाठी त्यांनी एका रंगवाल्याला इतकं पिडलं होतं, की काकाजी लांबून दिसले तरी तो दुकानाच्या मागच्या दारानं निघून जाई. त्या नऊ दिवसांत काकाजींचे हात कोपरापर्यंत चांदीचे असत. पोळीचा तुकडा मोडायचे तोही चांदीच्या बोटांनी.

मी एकदा म्हटलं, "काकाजी, वरून गाडीले रंग द्या ना. आतलं कोण पाहते?"

"म्हणूनच तं. तोंड कोणीबी रंगवते."

पण रंग मारला म्हणजे काम अर्धंच झालं, असं त्यांचं म्हणणं. हा रंग नुसता वाळून भागत नाही, त्याला आच देऊन पिकवावा लागतो. नळ परत बसवायचे, गाडी थोडा वेळ चालू ठेवायची, बंद करून पूर्ण निवू द्यायची. मग आणखी जास्त वेळ, पुन्हा निवू द्यायची. असं करत शेवटी भरपूर तापवायची. मध्ये घाई झाली की फोड येतात आणि पापुद्रे सुटतात. बॉयलरवर राहून हे त्यांना कळलं असणार, पण श्रेय ते बायकोला देत. चुलीवर मडकं पालथं घालून त्यावर हातभर लांब रोट्या टाकण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं म्हणे.

"नवं मडकं आणलं का पहिल्याच दिवशी भडका आच देत नव्हती ते. जरा तापव, निवू दे. जरा तापव, निवू दे. नाईतर तडकते. मडकं घ्या, रंग घ्या, नाईतर माणूस घ्या."

आणि एक गोष्ट ते दरवर्षी सगळ्यांना बजावत. रंग पिकताना पांढरा धूर निघतो, जळका वास येतो. घाबरायचं नाही. धूर पाहून कोणी त्यावर पाणी मारलं तर मात्र संपलं. "तापल्या लोखंडावर पाणी म्हणजे खून हाय खून!" गल्लीतल्या पोरासोरांनाही हे पाठ होतं. बाबांना तर होतंच होतं.

माझ्या लग्नाचं त्या सुमाराला घरात फार अवघड होऊन बसलं होतं. मी सावळी, मॅट्रिकपर्यंत शिकलेली, बाप गुमास्ता. पाहायला येणारे पोहे खाऊन जात आणि पुढे कळवत नसत. गल्लीतल्या बायका आता आईला त्याबद्दल विचारेनाशा झाल्या होत्या, आणि न विचारणं हे विचारण्यापेक्षा वाईट. तशात वर्ध्याहून एक स्थळ आलं. आमच्याच विणकर समाजातले, पण त्यांचं स्वतःचं लुगड्यांचं दुकान होतं आणि मुलगा ओव्हरसियर. एवढं चांगलं स्थळ पुन्हा येणार नाही, हे बाबा दिवसातून इतक्यांदा म्हणत, की ते ऐकूनच मला ताप यायचा बाकी होता. त्यांनी येण्याचा दिवस कळवला तो नेमका नवतप्यातला.

"मुलाची आई अंगानं जड हाय म्हणते," आई म्हणाली. "या उन्हात सायकलरिक्षात बसून आली तं दारातच चक्कर येऊन पडन. काकाजीले म्हणून पाहा."

काकाजी अंगणातच होते. नळ सकाळी बसवून झाले होते आणि पहिली आच देऊन बोनेट उघडं ठेवून गाडी निवत होती.

"कच्चा हाय अजून," ते म्हणाले. "एकच आच झाली. परवा घेऊन जा, दिल्लीले घेऊन जा."

"पाहुणे आज येऊन राहिले काकाजी. परवा कोण येते?" बाबांचा आवाज फाटला. "पोरीचं हाय."

काकाजींनी दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. मग चारही भावांकडे पाहिलं. बोनेट खाली केलं आणि म्हणाले, "चला, बसा."

कपडे बदलायलाही ते थांबले नाहीत. त्याच हाफपँटवर, त्याच चांदीच्या हातांनी ते बाबांना घेऊन स्टेशनवर गेले.

दारात आईनं पाहुण्यांच्या पायांसाठी पाणी काढून ठेवलं होतं, तांब्याचं मोठं घंगाळ भरून, त्यात वाळ्याची जुडी. मी खिडकीच्या फटीतून पाहत होते. गाडी गल्लीच्या तोंडाशी दिसली तीच मुळी पांढऱ्या धुरात. बोनेटच्या फटींतून धूर निघत होता आणि काकाजी नाकासमोर बघत शांतपणे गाडी आणत होते. दाराशी गाडी थांबली. मागच्या दारातून मुलाची आई खोकत उतरली, मुलगा उतरला, आणि मुलाचे वडील एक पाय बाहेर टाकून ओरडले, "अहो, गाडी पेटली तुमची!"

काकाजींनी खाली उतरून बोनेट उघडलं. धुराचा लोट वर गेला. "काई नाई जी," ते म्हणत होते, "रंग पिकून राहिला," आणि तेवढ्यात बाबांनी घंगाळ उचललं.

"पाणी नोका! पाणी नोका टाकू!"

बाबांनी ते ऐकलं. मी त्यांचा चेहरा पाहत होते, ऐकलं त्यांनी. पण मुलाचे वडील त्यांच्याकडे बघत होते. काहीतरी करून दाखवायची वेळ आली होती आणि बाबांनी सगळं घंगाळ चारी भावांवर ओतलं.

जो फुत्कार झाला त्यानं गल्लीतली दारं उघडली. त्यातून तड् असा एक आवाज आला. लहानसा, चुलीत लाकूड फुटावं एवढा. काकाजींनी डोळे मिटून घेतले.

मुलाचे वडील कपाळ पुसत म्हणाले, "असा कसा हो ड्रायव्हर ठेवला तुम्ही? माणसं मारली असती त्यानं."

त्या वेळी बाबांना एक वाक्य बोलायचं होतं. हे ड्रायव्हर नाहीत, हे आमचे घरमालक, ही गाडी त्यांची, हे घरही त्यांचं. गल्लीतली निम्मी माणसं दारात उभी होती आणि सगळे बाबांच्या तोंडाकडे पाहत होते. बाबा एरवी आमच्यासारखंच बोलायचे, पण खोटं बोलताना त्यांची भाषा पुस्तकी व्हायची. तशा पुस्तकी भाषेत ते काकाजींवर ओरडले, "मूर्ख माणसा! पाहुण्यांना घेऊन येताना गाडी तपासता येत नाही तुला?"

तुला म्हणाले. ज्यांना बारा महिने 'काकाजी, जेवले का' म्हणून विचारायचे त्यांना.

काकाजी बाबांकडे पाहत राहिले. मग त्यांनी ते चांदीचे हात जोडले.

"जी मालक. चूक झाली."

पाय धुवायचं पाणी संपलं होतं. पाहुणे दारात तसेच उभे होते. काकाजींनी रिकामं घंगाळ उचललं, नळावर जाऊन भरून आणलं, आणि स्वतःच्या घराच्या दारात वाकून मुलाच्या वडिलांच्या पायांवर पाणी घातलं. मग मुलाच्या आईच्या, मग मुलाच्या. बाबा बाजूला उभे राहून पाहत होते. मी खिडकीपासून मागे झाले. मला त्या वेळी जी लाज वाटली ती जन्मभरात पुन्हा तेवढी कशाचीच वाटली नाही.

पाहण्याचा कार्यक्रम नीट झाला. मुलाची आई मनानं फार चांगली बाई होती. तिनंच मला विचारलं, "तुमच्या ड्रायव्हरला चहा दिला का गं? उन्हात आहे बिचारा." मी कप घेऊन बाहेर गेले. काकाजी बोनेटमध्ये वाकले होते. नळ जिथे एकत्र येत होते तिथला सांधा उकलला होता आणि चांदीचे पापुद्रे त्यांच्या तळहातावर गोळा झाले होते.

"तू काहून आली? आत जा. हसत राहाय."

"काकाजी, बाबानं..."

"तुह्या बापाची जीभ कच्ची हाय. पहिल्याच आचेत फोड आला." त्यांनी पापुद्रे झटकले. "आता कोणाले काई सांगू नोको. हे खोटं पिकवाच लागन. कच्चं सोडलं तं तुह्याच अंगावर उडन ते."

त्यांनी ते मनावर घेतलं. काम करायचं तर पुरतं, हा त्यांचा स्वभावच होता. होकार आला तसं त्यांनी गल्लीत दारोदार जाऊन सांगितलं, की पोरीच्या सासरचे आले की मी ड्रायव्हर, कोणी हसायचं नाही. बाजारातून खाकी टोपी आणली. लग्नात वऱ्हाडाची ने-आण केली आणि बँडवाल्यांबरोबर शेवटच्या पंगतीला बसले. माझ्या सासऱ्यांना त्यांचा लळाच लागला. "तुमचा माणूस अदबीचा आहे," असं ते बाबांना म्हणत आणि बाबा मान डोलवत.

बाबांनी माफी मागितली नाही. मागितली असती तर काकाजींनी हसून उडवली असती, हे मला ठाऊक आहे, बाबांनाही ठाऊक असणार. पण बाबा सकाळी काकाजी उठायच्या आधी निघायचे आणि रात्री त्यांचं दार लागल्यावर परत यायचे. चुन्याची डबी ओसरीवर एकटी पडून असायची. आणि काकाजींनी नळ जोडून घेतले, पण रंगवले नाहीत. पुढच्या नवतप्यात अंगण रिकामं होतं. चारी भाऊ बोनेटखाली गंजत गेले.

दर दिवाळीला माझ्या सासूबाई एक गाठोडं बांधत. सासऱ्यांचं जुनं धोतर, कोट, स्वेटर. "तुमच्या ड्रायव्हरला दे हो, थंडीचं उपयोगी पडेल." त्या प्रेमानं देत म्हणून ते गाठोडं आणखी जड व्हायचं. ते घेऊन मी माहेरी यायचे. एकदा मी ते लपवून बसमध्येच विसरल्याचं सांगितलं, तर काकाजींनी ओळखलं आणि रागावले. "त्याइनं विचारलं तं काय सांगशीन? आन इकडं." आणि तो कोट घालून ओसरीवर बसले. स्वतःच्या ओसरीवर, दुसऱ्याच्या उतरलेल्या कोटात.

शेवटी मी नवऱ्याला सांगून टाकलं. तो ऐकत गेला आणि त्याचे कान लाल होत गेले. "मी त्यांच्याकडून पाय धुवून घेतले?" एवढंच म्हणाला. दुसऱ्याच दिवशी आम्ही नागपूरला आलो. बाबा ओसरीवर पेपर वाचत होते, काकाजी अंगण झाडत होते. नवरा सरळ गेला आणि त्यांच्या पायाशी वाकला. काकाजी झटकन मागे सरले.

"अरे अरे, जावईबापू! ड्रायव्हरच्या पाया पडते का कोणी?"

"मला सगळं कळलंय काकाजी. मी वडिलांनाही सांगणार आहे."

काकाजींनी त्याच्या खांद्यावरून ओसरीकडे पाहिलं. बाबांनी पेपर तोंडासमोर धरला होता.

"काई कळलं नाई तुमाले," काकाजी हळू आवाजात म्हणाले. "तो माणूस म्हातारा होऊन राहिला. याहीपुढं तं त्याले मान खाली घालाची वेळ आणू नोका. माहं काय जाते? गाडी तं मी चालवतोच."

काकाजींनी नवऱ्याला कोणाला न सांगण्याचं वचनच द्यायला लावलं.

काकाजी गेले ते हिवाळ्यात, झोपेत. तार आली तेव्हा सासरेही आमच्याबरोबर निघाले. "एवढी वर्षं ओळख," म्हणाले, "माणूस नोकर असला म्हणून काय झालं?" आम्ही पोचलो तेव्हा तिरडी बांधून झाली होती. एक भाचा होता म्हणे कुठेतरी, त्याचा पत्ता लागला नव्हता. अंगणात गाडीशेजारी गल्ली गोळा झाली होती, सगळी जुनी माणसं, सगळ्यांना सगळं ठाऊक असलेली. गोवऱ्यांचा विस्तव घातलेलं मडकं तयार होतं.

"मडकं कोण धरते?" गुरुजींनी विचारलं.

बाबा पुढे आले. मला एकदम हलकं वाटलं. इतक्या वर्षांनी का होईना, वाटलं, आता बोलतील. त्यांनी मडकं उचललं. त्यांचे डोळे भरून वाहत होते आणि ते रडणं खरं होतं, त्याबद्दल मला शंका नाही.

"तुम्ही कोण लागता यांचे?" गुरुजींनी संकल्पासाठी विचारलं.

बाबांनी तोंड उघडलं. तेवढ्यात माझे सासरे, भले गृहस्थ, गुरुजींना म्हणाले, "लागत काहीच नाहीत हो. ड्रायव्हर होता तो यांचा. ड्रायव्हरसाठी एवढं कोण करतं? मोठ्या मनाचा माणूस आहे हा."

सगळी गल्ली बाबांकडे पाहू लागली. माझा नवरा खाली पाहू लागला. मडकं तापलं होतं, बाबांची बोटं भाजत होती, ते दिसत होतं. पण त्यांनी ते खाली ठेवलं नाही. ते सासऱ्यांकडे बघत होते, त्या दिवशी घंगाळ उचलताना बघत होते तसेच.

"मालक होतो मी त्याचा," बाबा पुस्तकी भाषेत म्हणाले. "माझंच काम आहे हे."

कोणी हसलं नाही, कोणी खाकरलंही नाही. काकाजींनी बजावून ठेवल्याप्रमाणे गल्लीनं माना खाली घातल्या. सासऱ्यांनी डोळे पुसले. ते खोटं आता आतपर्यंत पिकलं होतं, त्याला कुठेही फोड नव्हता. काकाजी तोंडावर पांढरं कापड घेऊन निजले होते, आणि मी पदर तोंडावर ओढून घेतला तो रडू लपवायला नव्हे, आधी आलं ते हसू लपवायला.